सोयीचा पोशाख आणि लोकलज्जा

नीतीचा विचार करावयास बसलेला मनुष्य बहुधा सत्य, दया, दान, न्याय असले थोर विषय हाती घेतो. शिंप्याच्या दुकानाची पायरी तो सहसा चढत नाही. तथापि आपल्या हातून होणारे पुष्कळसे अन्याय रोजच्या कपड्यालत्त्यात, खाण्यापिण्यात आणि जाण्यायेण्यात घडत असतात, आणि ते क्षुल्लक दिसतात म्हणूनच वर्षानुवर्षे सुखाने टिकतात. गेल्या वर्षभरात मला अशाच एका क्षुल्लक वस्तूने विचारात पाडले. ती वस्तू म्हणजे हल्ली ज्याला लेगिंग म्हणतात आणि आमच्या बाजारात जो सर्रास ‘लेगीन’ या नावाने मागितला जातो, तो पायांस घट्ट बसणारा विजारीसारखा कपडा. एवढ्याशा गोष्टीवर निबंध लिहावा काय, असा प्रश्न ज्या वाचकांच्या मनात येईल त्यांस माझी इतकीच विनंती आहे की त्यांनी तो तूर्त बाजूस ठेवावा. मलाही तो पुष्कळ दिवस सोडीत नव्हता.

माझी भाची चिखलीस एका कचेरीत नोकरीला आहे. घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, आणि कचेरी दुसऱ्या टोकास. जाऊन येऊन नऊ-दहा किलोमीटरांची रपेट तिला रोज होते. ही रपेट ती सायकलीने करते. घरात स्कुटी नाही असे नाही. ती तिच्या भावाच्या ताब्यात असते हे एक; परंतु नसती तरी आपण सायकलच घेतली असती असे ती सांगते. “सायकलवर असले की अर्धा तास मला कोणी काही विचारत नाही, आत्या,” असे ती एकदा म्हणाली, आणि त्या उत्तरापुढे आरोग्य, काटकसर वगैरे जी कारणे मी तिच्या वतीने योजून ठेविली होती ती सर्व मुकाट्याने परत घेतली.

अडचण होती ती पोशाखाची. कचेरीत कुर्ता चालतो. कुर्त्याखाली काय घालावे हा प्रश्न. सलवार घातली तर तिचा घोळ साखळीत जातो. साखळीवरचे चेनकव्हर आमच्याकडील रस्त्यांवर सहा महिन्यांतच खुळखुळू लागते, आणि पुढे एके दिवशी घरातील कोणीतरी शहाणा पुरुष ते काढून माळ्यावर टाकतो. पुरुष पायजम्याच्या मोहरीस क्लिप लावून मोकळे होतात. सलवारीचा घोळ एका क्लिपेत मावत नाही. चुडीदार बरा म्हणावा, तर गुडघा वर येताना तो ओढला जातो, दोन महिन्यांत आसनात उसवतो, आणि घोट्यावरच्या चुड्यांना साखळीचे तेल लागते ते निराळेच. जीन्सच्या जाड शिवणी आणि वैशाखाचे ऊन यांची गाठ पडली म्हणजे काय होते हे ज्याने भोगले असेल त्यास सांगावयास नको. पलाझो नामक जो प्रकार हल्ली निघाला आहे त्याचा तर सायकलीपाशी विचारही करू नये. अशा रीतीने एकेक वजा करीत ती लेगिंगपाशी आली.

पहिली जोडी पॉलिएस्टरची निघाली. दुकानात हाताला मऊ. परंतु मार्चमध्ये अंगावर घालून पाच किलोमीटर सायकल मारली की तिच्यात घाम अडकून राही व मांड्या चुरचुरत. दुसरी सुती होती, तिच्यात थोडे ताणले जाणारे सूत मिसळलेले. ती चार धुण्यांत गुडघ्याशी फुगून आली आणि कमरेशी सैल पडली. तिसरी चांगली बसे, पण वाकले की कापड ताणून इतके विरळ होई की ती घालून सायकलवर चढण्याची सोय नव्हती. चौथीचा कमरेचा पट्टा अरुंद होता. पायडल मारताना तो गुंडाळत खाली येई, आणि कमरेवर एक लाल वळ उमटे. पाचवी महाग होती, आणि तिला सीटच्या घर्षणाने आतल्या बाजूस महिन्याभरात गोळे आले. ज्या जागेचा उल्लेख सभ्य मासिकात करू नये असा संकेत आहे त्याच जागी लेगिंगच्या चार शिवणी एकत्र मिळतात, आणि मनुष्य सायकलवर बसतो तो नेमका त्याच जागेवर. शिंपी लोक या जागेला ‘आसन’ म्हणतात. शब्द किती योग्य आहे पाहा! पण हे सर्व कपडे शिवणाऱ्यांच्या मनात ती स्त्री आसनावर बसणारी नव्हती. ती आरशापुढे उभी राहणारी होती.

अखेर गावातल्याच एका शिवणाऱ्या बाईंकडे ती गेली. होजियरीचे जाडसर सुती कापड तिने स्वतः आणले. आसनात चार शिवणी एकत्र येऊ नयेत म्हणून तेथे चौकोनी तुकडा जोडावा, कमरेस नेफ्याऐवजी चार बोटे रुंद पट्टी लावावी, मोहरी घोट्याच्या वरच थांबवावी, आणि कुर्त्याचे बाजूचे कट हातभर वर न्यावेत म्हणजे तो सीटवर अडकणार नाही, असा सगळा नकाशा तिने कागदावर काढून दिला. त्या बाईंनी शिवताना एक अडचण सांगितली, ती मला नवी होती. ताणल्या जाणाऱ्या कापडावर साधी सरळ टीप घातली तर कापड ताणते पण दोरा ताणत नाही, आणि टीप तुटते; त्यासाठी नागमोडी टीप लागते आणि सुईही बोथट टोकाची लागते. त्यांनी दोन्ही मिळविल्या. माप घेऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारले, “हे घरातच घालायचं ना?”

भाचीने मला हा प्रश्न हसत हसत सांगितला. मला हसू आले नाही, कारण तो प्रश्न मी स्वतः, निराळ्या शब्दांत, कितीतरी मुलींना विचारला आहे.

स्त्रीने अंगावर घालावयाचे वस्त्र कोणाच्या सोयीसाठी असते? हा प्रश्न असा उघड विचारला तर प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ ‘तिच्या’ असे उत्तर देईल. परंतु त्या उत्तरावर आपला व्यवहार चालत नाही. तो मर्यादेवर चालतो, आणि मर्यादा ही पुरातन काळापासून ठरून गेलेली अचल वस्तू आहे अशी आपली श्रद्धा असते. ती श्रद्धा खरी नाही हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. माझी आजी नऊवारी नेसत असे. नऊवारीच्या कासोट्यात दोन्ही पाय स्वतंत्र राहतात. ती नेसून बाई विहिरीत उतरे, बैलगाडीवर चढे आणि वेळ पडली तर घोड्यावरही बसे. पुढे गोल पाचवारीचा प्रसार झाला आणि माझी आई ती नेसू लागली तेव्हा आजीने नाक मुरडले. कासोटा नाही, हे कसले नेसणे? देवाच्या कामाला असले गोल नेसण चालावयाचे नाही, असे ती म्हणे. आज त्याच पाचवारीला आपण शालीनतेचे माप समजतो. म्हणजे अवघ्या दोन पिढ्यांत मर्यादेने कूस बदलली, आणि ती अशा बाजूस बदलली की स्त्रियांचे पाय नेमके सायकल आली त्याच काळात एकत्र बांधले गेले. मग त्यांच्यासाठी मधला दांडा खाली वाकविलेली निराळी सायकल करावी लागली, आणि मागच्या चाकावर पदर जाऊ नये म्हणून जाळी बसवावी लागली. कपडा बदलण्यापेक्षा यंत्र बदलणे लोकांना सोपे वाटले.

पाश्चात्त्यांकडेही याहून निराळे घडले नाही. १८५१ च्या सुमारास अमेरिकेत एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी आखूड झग्याखाली तुर्की धर्तीचा घोळदार पायजमा घालावयास आरंभ केला आणि अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या नियतकालिकातून त्याचा पुरस्कार केला. लोकांनी त्या पोशाखाला ब्लूमरबाईंचेच नाव देऊन त्याची इतकी टवाळी केली की थोड्याच वर्षांत पुरस्कर्त्या स्त्रियांनीही तो टाकून दिला. वास्तविक तो आपल्या सलवारीचा दूरचा आप्त. आपल्याकडे जो कुलीन, तोच तिकडे बेताल ठरला. पुढे १८८५ साली स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची सायकल काढली, १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर काढले, आणि स्त्रिया सायकलवर बसू लागल्या तेव्हा तो पायजमा पुन्हा पेटीतून बाहेर निघाला. १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन नावाच्या एक वयस्क बाई अशा पोशाखात सायकलीने इंग्लंडातील सरे परगण्यात ऑकहॅम येथील हॉटबॉय या खाणावळीत गेल्या. मालकिणीने त्यांना कॉफी-रूममध्ये बसू दिले नाही. दारू पिणारे पुरुष बसतात त्या खोलीत बसा म्हणून सांगितले. सायकलस्वारांच्या मंडळाने फिर्याद केली, परंतु १८९९ साली पंचांनी मालकिणीच्या बाजूने निकाल दिला. मला या हकिकतीतील एक गोष्ट फार बोलकी वाटते. बाईंचे शील जपावयाचे म्हणून त्यांना दारूड्यांत बसविण्यात आले! मर्यादेचा पहारा ज्या स्त्रीवर ठेवावयाचा तिला त्याने काय भोगावे लागते याचा हिशेब पहारेकरी कधीच ठेवीत नाहीत.

हे इंग्लंडचे झाले. आता आमच्या जिल्ह्यातील एक देखावा सांगते, जो आम्ही सर्वजण रोज पाहतो आणि ज्याचा विचार मात्र करीत नाही. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला आला म्हणजे घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पाहा की घाटावर मेहकर-लोणारकडे पाहा, वेचणाऱ्या बायांच्या अंगात साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा असतो. पदर त्या सदऱ्याच्या आत. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. पुरुषाचा सदरा बाईने घातला म्हणून गावात कोणी कुरकूर केल्याचे मी कधी ऐकले नाही. मी एकदा शेतावर गेले असता एका वृद्ध बाईंना याविषयी विचारले. त्या हातातले काम न थांबविता म्हणाल्या, “काटा काय पदर पाहून टोचते का, बाई?”

हे उत्तर मी पुष्कळ वर्षे कौतुकाने लोकांना सांगत आले. अलीकडे मात्र त्यातली दुसरी बाजू ध्यानात आली. त्या बाईला सदरा माफ आहे तो तिच्या हातांना ओरखडे येतात म्हणून नव्हे. ओरखडे तर स्वयंपाकघरातही येतात. तो माफ आहे कारण कापूस घराचा आहे, मालकाचा आहे, आणि तो वेळेत वेचला जाणे सर्वांच्या हिताचे आहे. तीच बाई तोच सदरा घालून संध्याकाळी खामगावच्या बाजारात हिंडावयास निघाली तर काय बोलणे होईल याची कल्पना वाचकांनी करावी. कष्टासाठी स्त्रीने कसाही वेष केला तरी चालतो. स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी केला की तो डोळ्यावर येतो. बारा जानेवारीस सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोकांची रीघ लागते, त्या दिवशी ठिकठिकाणी लहान मुली कासोटा घालून, कमरेस तलवार लटकावून मिरवतात, आणि आपण कौतुकाने त्यांची छायाचित्रे काढतो. त्याच मुली तेरा तारखेला शाळेस सायकलने निघतात तेव्हा त्यांच्या ओढणीकडे आपले लक्ष जाते.

ओढणीचा विषय निघाला आहे तर जे सांगावयाचे टाळीत होते तेही सांगते. मी स्वतः १९७८ साली शिक्षिका झाले आणि पहिली दोन वर्षे साडी नेसून सायकलने शाळेत जात असे. निऱ्यांना पिना, पदराला पिन, डावा हात हँडलवर आणि उजवा बहुतेक वेळ साडीवर. एके दिवशी उतारावर निरी साखळीत गेली आणि मी पडले. फारसे लागले नाही. परंतु रस्त्यावर पडलेल्या स्थितीत माझ्या हाताने पहिली धाव गुडघ्याकडे न घेता साडीकडे घेतली, हे मला अजून आठवते. त्यानंतर मी सायकल सोडली. कोणी सोड म्हणाले नाही. मीच सोडली, आणि ‘आता वय झाले’ असे सव्विसाव्या वर्षी सांगत सुटले.

ज्या बाईला हा अनुभव आला तिने पुढे काय करावे? १९९६ साली मी घाटावरच्या एका गावी शाळेत होते. आठवीपुढच्या मुलींना पांढरी सलवार आणि ओढणी होती. सायकलने येणाऱ्या मुली गावाबाहेर पडल्या की ओढणी काढून दप्तरात ठेवीत. यावर एक-दोन गावकऱ्यांनी तक्रार केली, आणि मुलींशी बोलण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांसमक्ष सांगितले की घरी पोचेपर्यंत ओढणी अंगावरून निघता कामा नये. मी ते ठासून सांगितले. मला तशी सवय होती. महिना झाला नसेल, नववीतल्या एका मुलीच्या ओढणीचे टोक मागच्या चाकात गेले, ती मागे खेचली जाऊन पडली आणि तिचे मनगट मोडले. मी भेटावयास गेले. तिच्या आईने मला चहा दिला, आणि म्हणाली, “पोरीनं नीट खोचली नव्हती, बाई. तुम्ही तर सांगितलं होतं.”

म्हणजे क्षमा त्यांनी मागितली, आणि मी ती ऐकून घेऊन परत आले.

चाकात वस्त्र जाण्याचा धोका काही अज्ञात नव्हता. इसाडोरा डंकन ही विख्यात नर्तकी १९२७ साली नीस येथे गळ्यातील लांब वस्त्र मोटारीच्या चाकात गुंतून मेली, ही हकिकत मी स्वतः मुलांना सांगितलेली होती. आपल्या देशात १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मोटारसायकलीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे, म्हणजे मागे बसणाराचे कपडे त्यात जाणार नाहीत, असा स्पष्ट नियम आहे. कायदा करणारांस चाक झाकावेसे वाटले. मला मुलगी झाकाविशी वाटली. पुढे मानव विकास कार्यक्रमाखाली सरकारने गरजू मुलींना शाळेस जाण्यासाठी सायकली दिल्या, आमच्या जिल्ह्यातही दिल्या, आणि ती एक उत्तम गोष्ट झाली. पण सायकल देताना ती काय घालून चालवावी याचा विचार गणवेश ठरविणाराने करावयाचा असतो, आणि गणवेश ठरविणाऱ्या सभेत सायकल चालविणारे कोणी बसत नाही.

आता हे सगळे सांगितल्यावर माझा युक्तिवाद सोपा झाला असे वाटेल. ओढणीने मनगट मोडते, निरीने माणूस पडतो, म्हणून सुटसुटीत पोशाख हवा. सुरक्षितता हा नीतीचा विषय आहेच, तेव्हा प्रश्न सुटला. चिखलीच्या रस्त्यावर मालट्रक आणि सोयाबीनच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांच्यामधून जाणाऱ्या मुलीचा जो हात कुर्ता सावरावयास हँडलवरून निघतो तोच ब्रेकचा हात असतो, हे मी कोणासही पटवून देऊ शकेन. परंतु असा युक्तिवाद करताना मला माझीच शंका आली. स्त्रीच्या सोयीची बाजू मांडावयाची तर प्रत्येक वेळी अपघाताला वकील म्हणून का उभे करावे लागते? शेतातल्या बाईने काट्याचे नाव सांगावयाचे, सायकलवरच्या मुलीने साखळीचे. पुरुषाने पायजम्याला क्लिप लावली तेव्हा त्याला कोणी कारण विचारले नाही. आमच्या लहानपणी धोतर नेसून सायकलवर जाणारे मास्तर आणि पोस्टमन सोगा वर खोचून उघड्या पोटऱ्यांनी गावभर हिंडत, आणि त्यांच्या पोटऱ्यांवरून त्यांच्या शीलाची परीक्षा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांना बरे वाटे म्हणून ते तसे करीत. ‘मला बरे वाटते’ हे कारण त्यांच्या बाबतीत पुरेसे होते. माझ्या भाचीच्या बाबतीत ते पुरेसे का नसावे?

मला वाटते, ते पुरेसे असावे. आणि या लेखात माझे म्हणणे म्हणून जे काही आहे ते एवढेच आहे. जो कपडा अंगावर असल्याचा विसर पडतो तो चांगला. असा विसर पडला की माणसाचे लक्ष दुसरीकडे मोकळे होते: रस्त्याकडे, झाडाकडे, कचेरीतल्या कामाकडे किंवा कशाकडेच नाही. आमच्या बायांच्या लक्षाचा केवढा भाग पदर, निऱ्या, पट्टे आणि ओढण्या यांच्या राखणीत जन्मभर खर्च होत आला याचे माप कोणी घेतलेले नाही. विनय हा मनाचा गुण असेल तर तो असा दर मिनिटास हाताने चाचपून पाहावा लागू नये. ज्याला सतत चाचपावे लागते ती राखण आहे, आणि राखणदाराला आपले शेत कधी असत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. कपडा हा केवळ घालणाराचा नसतो. तो इतरांशी एक प्रकारचे बोलणेही असतो. मयताच्या घरी कोणी भडक वस्त्रे नेसून जात नाही, देवळात जाताना आपण काही गोष्टी पाळतो, आणि त्या पाळण्यात दास्य नसते, दुसऱ्याच्या भावनेचा मान असतो. हे मला मान्य आहे. भाचीही ते जाणते. तिच्या पिशवीत ओढणी असते आणि कचेरीत वरिष्ठांपुढे जाताना तिला वाटले तर ती घेते. परंतु सार्वजनिक रस्ता हे देऊळ नव्हे आणि मयताचे घरही नव्हे. तेथे प्रत्येकजण वाटसरू आहे, आणि एका वाटसरूने दुसऱ्याकडून मार्गापेक्षा अधिक काही मागू नये.

तरी प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एका रविवारी सकाळी ती मैत्रिणींबरोबर बुलढाण्याच्या बाजूस सायकलने निघाली, अंगात कमरेपर्यंतचा सदरा आणि खाली ती काळी लेगिंग, तेव्हा माझे डोळे आपोआप खाली गेले. चाळीस वर्षांचे वळण एका निबंधाने जात नाही. मला अवघडल्यासारखे झाले हे खरे. पण ते अवघडलेपण माझे होते, आणि ते मीच वाहावयाचे होते. पूर्वी मी असले ओझे उचलून समोरच्या मुलीच्या अंगावर ठेवीत असे आणि त्याला संस्कार म्हणत असे. त्या दिवशी मी फक्त “पाण्याची बाटली घेतलीस का ग?” एवढे विचारले.

जाता जाता बाजाराविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर सारा दोष जुन्या माणसांच्या माथी जाईल. लेगिंगमधले जे ताणले जाणारे सूत, ते १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधून काढले, आणि ते हवे होते ते प्रथम स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांसाठी, अर्थात शरीर आवळून सडपातळ दाखविण्यासाठी. ही मूळ प्रकृती त्या कपड्याने अजून सोडलेली नाही. दुकानातल्या चित्रातील तरुणी उभी असते. ती कधी बसत नाही, वाकत नाही, घामेजत नाही. लेगिंगला खिसा नसतो, कारण खिशाने आकार बिघडतो. लेगिंग पाहून तोंड फिरविणारे आजोबा आणि ती विकणारा जाहिरातदार यांचे आपसात भांडण आहे असे आपण समजतो. मला तर दोघेही एकाच खिडकीत उभे राहून बाहेर पाहताना दिसतात. सायकलवर बसलेल्या मुलीला आतून काय वाटते हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. आणि यातली आणखी गंमत अशी की १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो मुख्यतः येथल्या कापसासाठी; त्या कापसाच्या मुलखात एका मुलीला अंगाला सोसेल अशी सुती विजार मिळावयास पाच खरेद्या फुकट घालवाव्या लागल्या.

त्या शिवणाऱ्या बाईंनी केलेल्या दोन जोड्या उन्हाळाभर उत्तम चालल्या. आसनातला चौकोनी तुकडा हीच त्यांतली खरी युक्ती असे भाची म्हणते. त्या बाईंनी पुढे तसल्याच आणखी तीन शिवल्या, आणि त्यांपैकी एक त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी होती असे कळले. जूनमध्ये मात्र नवी अडचण उभी राहिली आहे. होजियरीचे सुती कापड पावसात भिजले की जड होऊन खाली ओघळते, आणि घरात वाळत घातले तर दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर तासाभरात वाळते, पण ते चुरचुरते. परवा तिचा फोन आला तेव्हा अर्धे सूत आणि अर्धे दुसरे काही मिसळलेले कापड अकोल्यास मिळते काय याची चौकशी ती करीत होती. मी तिला सांगितले की माझी एक मैत्रीण तिकडे असते, तिला विचारून कळविते. आणि मिळाले तर दोन मीटर जास्त आण, असे तिने सांगितले आहे.